डिस्ट्रोफिन नसलेला रॅट : तीन वर्षं सोबत काम केल्यावरचा अभिप्राय

पाचव्या ओढीला कळतं.

पकडीची ताकद मोजणाऱ्या ग्रिप मीटरची जाळी समोर असते. रॅट पुढच्या दोन्ही पंजांनी ती घट्ट धरतो, मी त्याला शेपटीच्या मुळाशी धरून हलकेच मागे घेते, आणि पंजे सुटतात त्या क्षणाचा आकडा स्क्रीनवर राहतो. पहिल्या ओढीला आजारी रॅट आणि त्याचा धडधाकट भाऊ यांच्यातला फरक दिसेलच असं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या ओढीलाही शंका राहते. पाचव्या ओढीपर्यंत भाऊ तसाच झोंबत असतो, याचे पंजे मात्र जाळीवर नुसते टेकलेले असतात. माझा मावसभाऊ सात वर्षांचा असताना आजोळच्या जिन्यावर असाच चढायचा. पहिल्या चार पायऱ्या आम्हा सगळ्यांच्या बरोबरीने, मग कठड्याला हात, मग स्वतःच्या मांडीवर हात, आणि मग, "ताई, मी इथंच बसतो."

त्याला ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रोफी आहे, स्नायू झिजवत नेणारा जन्मजात आजार. मी कराडची. एम.फार्म.च्या वेळी कॉलेजच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये विस्टार जातीचे रॅट हाताळले, आणि गेली तीन वर्षं फ्रान्समध्ये नाँत इथल्या एका प्रयोगशाळेत याच आजाराच्या रॅटवर काम करते आहे. गावाकडच्या कॉलेजांतली मुलं मला विचारतात, "या आजारावर काम करायचं तर कुठला प्राणी घ्यावा?" आजारी मुलांचे आईवडील विचारतात, "पेपरात आलंय उंदरांवर यश मिळालं, मग आपल्याकडे कधी?" दोघांनाही उत्तर देताना मला याच जनावराबद्दल सांगावं लागतं. म्हणून सगळं एकदाच नीट लिहिते.

आधी शब्दाचा घोळ. मराठीत उंदीर म्हटलं की सगळे एकाच पोत्यात जातात. प्रयोगशाळेत माउस म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅमचा जीव आणि रॅट म्हणजे चारशे-पाचशे ग्रॅमचा. बातमीतला 'उंदीर' यातला नेमका कोणता, यावर फार काही अवलंबून असतं. तेव्हा मी माउस आणि रॅट असेच शब्द वापरते.

या आजारात बिघडतो तो डीएमडी नावाचा जीन. माणसाच्या सर्वांत मोठ्या जीनांपैकी हा एक, डीएनएच्या सुमारे २२ लाख अक्षरांचा, त्यातला प्रथिनाचा मजकूर ७९ तुकड्यांत, म्हणजे एक्झॉनांत, विभागलेला, एक्स गुणसूत्रावर बसलेला. त्याच्यापासून डिस्ट्रोफिन हे प्रथिन तयार होतं. १९८७ मध्ये त्याला हे नाव मिळालं. स्नायूच्या तंतूच्या आतला सांगाडा आणि बाहेरचं आवरण यांना बांधून ठेवणं हे त्याचं काम. ते नसलं की स्नायू आकसताना दर वेळी आवरण कुठे ना कुठे फाटतं, आत कॅल्शियम शिरतं, तंतू मरतो. शरीर नवा तंतू घालतं, तोही मरतो. काही वर्षांनी नवे तंतू घालणं परवडेनासं होतं आणि त्या जागी चरबी आणि जाड, चिवट उती भरते. पिंढऱ्या बाहेरून भरीव दिसतात आणि आत ताकद नसते. आमच्याकडे मावशी कौतुकाने म्हणायची, "पोराच्या पिंढऱ्या बघा कशा पैलवानासारख्या." ते वाक्य तिला आजही आठवतं आणि आजही रडू येतं.

आमचा रॅट इथेच, नाँतमध्ये, २०१४ साली तयार झाला. स्प्राग-डॉली जातीचा पांढरा, लाल डोळ्यांचा रॅट घेऊन टॅलेन नावाच्या जनुकीय कात्रीने त्याच्या २३व्या एक्झॉनमधली ११ अक्षरं उडवली. त्याच वर्षी तोक्यो विद्यापीठातल्या मंडळींनी विस्टार-इमामिची जातीत क्रिस्पर वापरून ३ आणि १६ या एक्झॉनांवर घाव घातला आणि आपला रॅट केला. म्हणजे दोन देशांत, दोन वेगळ्या कात्र्यांनी, एकाच वर्षी एकच गोष्ट. इतकी निकड का होती, हे कळायला माउसचा इतिहास माहीत हवा.

१९८४ साली एका माउसच्या वंशात हा आजार आपोआप आलेला सापडला. त्याला एमडीएक्स म्हणतात. पुढे कळलं की त्याच्या २३व्या एक्झॉनमध्ये एकच अक्षर बदललंय आणि तिथेच वाचन थांबतं. डिस्ट्रोफिन नाही म्हणजे नाही. पण हा माउस तीन-चार आठवड्यांचा असताना स्नायू धडाधड मरतात आणि त्यानंतर सावरतात! मोठेपणी तो पिंजऱ्यात हिंडतो, जाळीवर चढतो, पिल्लंही होतात. श्वासपटल तेवढं खरोखर झिजत जातं, बाकीच्या अंगाकडे बघून आजार ओळखणं कठीण. मी माउसला वाईट म्हणणार नाही. या आजाराबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं निम्मं तरी त्याने शिकवलं. पण जो प्राणी स्वतःहून इतका सावरतो, त्याच्यात औषधाने केलेली सुधारणा आणि त्याची आपली सुधारणा वेगळी काढायची कशी? आईवडिलांच्या त्या प्रश्नाचं मोठं उत्तर इथे आहे. माउसमध्ये छान दिसलेलं कितीतरी मुलांपर्यंत पोचताना गळून गेलं. दुसरं टोक गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्याचं. त्याचा आजार मुलांच्या खूप जवळचा, पण खर्च प्रचंड, आणि एकाच वेतातली दोन पिल्लंसुद्धा अगदी वेगवेगळी निघतात.

रॅट सावरत नाही. मला या जनावराबद्दल सांगायची मुख्य गोष्ट हीच.

तीन महिन्यांच्या आजारी रॅटच्या पायाच्या स्नायूचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की मेलेले तंतू आणि नव्याने आलेले तंतू शेजारी शेजारी दिसतात. नवे ओळखायचे त्यांच्या केंद्रकावरून, ते कडेला नसून बरोबर मधोमध असतं. सात महिन्यांच्या रॅटचा तोच स्नायू सिरियस रेडने, म्हणजे ती चिवट उती लाल दाखवणाऱ्या रंगाने, रंगवला तर लाल रंगाच्या जाडजूड पट्ट्या तंतूंच्या मधून धावताना दिसतात, आणि अधूनमधून चरबीची पांढरी रिकामी वर्तुळं. मावसभावाची मांडीची बायोप्सी लहानपणी झाली होती, तिचा फोटो मी पुढे शिकताना मागवून पाहिला. हे दोन काप शेजारी ठेवले तर कुठला कोणाचा हे सांगायला मलाही क्षणभर थांबावं लागतं. माउसच्या पायाच्या स्नायूबाबत असं मला कधी झालं नाही.

हृदयाचंही तसंच. ड्यूशेनच्या मुलांना पुढे त्रास होतो तो हृदयाचा आणि श्वासाचा. रॅटचं हृदयही वयाबरोबर बिघडत जातं आणि ते इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, दिसतं. माउसचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके देतं, रॅटचं तीनशे-चारशे. पडद्यासमोर बसून हृदयाच्या भिंतीची जाडी मोजणाऱ्या माणसाला विचारा हा फरक किती मोठा आहे. रक्ताचंही सांगते. पाचशे ग्रॅमच्या रॅटमध्ये तीसेक मिलिलिटर रक्त असतं, माउसमध्ये जेमतेम दीड-दोन. त्यामुळे एकाच रॅटकडून महिन्या-महिन्याने थोडंथोडं घेता येतं आणि आजाराचा प्रवास त्या एका जिवात पाहता येतो. सीके, म्हणजे फाटलेल्या स्नायूतून रक्तात येणारं एंझाइम, मोजताना मात्र जपून. रॅट घाबरून धडपडला तर आजारी स्नायूतून ते एंझाइम आणखी बाहेर पडतं आणि आकडा भलताच चढतो. मी नमुना घ्यायच्या आधी आठवडाभर रोज त्यांना हातात घेते, पोटाला गुदगुल्या करते. खेळताना ते पन्नास किलोहर्ट्झच्या आसपास आवाज काढतात, आपल्याला ऐकू येत नाही, यंत्रावर दिसतो. माझा हात ओळखीचा झालेला रॅट टेबलावर शांत बसतो.

आता कॉलनीचं, म्हणजे रॅटच्या पैदाशीचं, गणित. नव्या माणसाची पहिली दमछाक इथेच होते. वाहक मादी (दोन एक्सपैकी एकावर बिघडलेला जीन असलेली) आणि धडधाकट नर अशी जोडी लावायची. पिल्लांत सरासरी चौथा हिस्सा आजारी नर, चौथा धडधाकट नर, चौथा वाहक माद्या, चौथा निरोगी माद्या. वेतात दहा-बारा पिल्लं आली तरी आजारी नर दोन-तीनच. बारा आजारी आणि त्यांचेच बारा सख्खे भाऊ तुलनेला हवे असतील तर पाच वेतं तरी धरा, आणि ती एकाच आठवड्यात यायला हवीत, नाहीतर वयं जुळत नाहीत. तुलनेला सख्खे भाऊच घ्या. बाहेरून विकत आणलेला स्प्राग-डॉली हा तुलनेला चालेल असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

हे गणित मी पहिल्यांदा फळ्यावर मांडलं तेव्हा हात थांबला होता. आजी वाहक. तिचा मुलगा, म्हणजे माझा मामा, सतराव्या वर्षी गेला, तेव्हा आजाराचं नावही घरात कोणाला माहीत नव्हतं. मावशी वाहक, तिचा मुलगा आजारी. माझी आई वाहक, मी नाही. मावशीच्या सासरी वर्षानुवर्षं बोललं गेलं की तिच्या माहेरचा दोष आला. एक्स गुणसूत्र आईकडूनच मुलाला मिळतं एवढंच खरं आहे, त्यात दोष कसला? आणि साधारण एकतृतीयांश मुलांमध्ये तर बिघाड नव्यानेच झालेला असतो, आई वाहक नसतेच. घरात असा मुलगा असेल तर आई, मावशी, बहिणी यांची तपासणी जरूर करा, आणि वाहक बाईच्या हृदयाचा इकोही ठरावीक काळाने करून घ्या, कारण वाहक बायकांचं हृदयही यात कमजोर होऊ शकतं. माझ्या आईला हे कोणी सांगितलं नव्हतं, मी सांगितलं.

प्रत्येक पिल्लाचा कानाचा तुकडा घेऊन जीनोटाइपिंग, म्हणजे त्याच्याकडे जीन पूर्ण आहे की तुटका याची तपासणी, करावं लागतं. जीनचा तो भाग जेलमधून सरकवला की लांबीप्रमाणे पट्ट्या दिसतात. त्याबद्दल एक तक्रार. काही महिने आम्ही हे काम बाहेरच्या एका कंपनीला दिलं होतं. किंमत बरी, निकाल दोन दिवसांत, रिपोर्ट देखणा. एकदा ९६ खणांच्या प्लेटचा निकाल आला आणि मी ओळी वाचत गेले. १४ क्रमांकाचा नर : दोन्ही पट्ट्या, एक पूर्ण आणि एक ११ अक्षरांनी आखूड. मी परत वाचलं. नराकडे एक्स एकच असतो, त्याला दोन पट्ट्या येतील कुठून? खाली गेले तर एक मादी फक्त आखूड पट्टीची. तिचा बाप धडधाकट होता, बापाकडून पूर्ण पट्टी मिळायलाच हवी. त्या संध्याकाळी मी सगळे नमुने आमच्याकडे पुन्हा लावले. ११ अक्षरांचा फरक साध्या जेलवर दिसत नाही, जेल घट्ट लागतं आणि सावकाश चालवावं लागतं. वाहक मादीच्या रांगेत दोन पट्ट्यांच्या वर आणखी एक पुसट तिसरी पट्टी येते, पूर्ण आणि आखूड धागे एकमेकांत गुंतून झालेली. त्या तिसऱ्या पट्टीवर नजर बसली की चूक होत नाही. रात्री दहाला चित्र स्पष्ट झालं : त्यांच्याकडे प्लेट उलटी वाचली गेली होती, पहिला खण शेवटचा झाला होता. कळवल्यावर त्यांनी पैसे परत केले, पण मी नीट वाचलं नसतं तर आजारी पिल्लं धडधाकट म्हणून सहा महिने मोजली गेली असती. तेव्हापासून पट्ट्या आम्ही आमच्या प्रयोगशाळेतच काढतो. बाहेर द्यायचंच असेल तर प्रत्येक प्लेटमध्ये निकाल आधीच माहीत असलेला एक नर आणि एक वाहक मादी मुद्दाम आडबाजूच्या खणांत घाला, आणि नर-मादी तुमच्या डोळ्यांनी नोंदवून ठेवा.

आता या रॅटची मर्यादा. मुलांच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची.

जीन तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो. 'मदन सकस फणस उचल' हे वाक्य घ्या, प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा. त्यातला 'द' गळाला आणि तीन-तीननेच वाचत राहिलो तर 'मनस कसफ णसउ चल' होतं, पुढचं सगळं वाया. पण 'द' बरोबर पुढची 'न' आणि 'स' ही दोन अक्षरंही काढली तर 'मकस फणस उचल' उरतं. पहिला शब्द बिघडला, फणस मात्र उचलला गेला. एक्झॉन वगळण्याच्या, म्हणजे वाचताना तो तुकडा ओलांडायला लावणाऱ्या, औषधांचं सगळं मर्म एवढंच.

मावसभावाच्या रिपोर्टमध्ये ५२वा एक्झॉन गायब आहे. तो ११८ अक्षरांचा. ११८ला तीनने भाग जात नाही, म्हणून पुढचं वाचन विस्कटतं. ५१व्यात २३३ अक्षरं आहेत. तोही वगळला तर ३५१ अक्षरं गेली, भाग जातो, वाचन पुन्हा रुळावर. किंवा ५३वा वगळा, २१२ अक्षरांचा, बेरीज ३३०, तोही भाग जातो. डिस्ट्रोफिन आखूड होतं, पण तयार होतं. ५१ वगळणारं औषध अमेरिकेत २०१६ साली मंजूर झालं, ५३ वगळणारी २०१९ आणि २०२० मध्ये. फायदा किती यावर अजून वाद आहेत आणि किंमत आपल्या आवाक्यातली नाही.

आमचा रॅट २३व्या एक्झॉनवर तुटलेला आहे. मुलांमधले गळालेले तुकडे जास्त करून ४५ ते ५५ या पट्ट्यात सापडतात. त्यामुळे त्या पट्ट्यातला एक्झॉन वगळायचा विचार तपासायला आमचा रॅट निरुपयोगी. त्यासाठी पॅरिसजवळ क्रेतेय इथल्या गटाने क्रिस्परने ५२वा एक्झॉनच काढून टाकलेला रॅट केला, २०२२ साली त्याच्यावरचा लेख आला. त्या रॅटचा आजार आमच्या रॅटपेक्षा कडक आहे. गेल्या दिवाळीत व्हिडिओ कॉलवर मी मावसभावाला हे सांगत होते. तो आता एकोणीस वर्षांचा आहे, व्हीलचेअरवर असतो, रात्री श्वासाचं यंत्र लावतो, आणि कॉम्प्युटर सायन्स शिकतो. त्याने विचारलं, "म्हणजे माझावाला तुझ्याकडे नाहीच?" मी म्हटलं, "नाही रे, तो पॅरिसजवळ. रेल्वेने दोन-सव्वादोन तास." तर म्हणाला, "ताई, मग एकदा जाऊन बघून ये ना त्याला." पुढच्या महिन्यात जाणार आहे, तिथल्या लोकांशी बोलणं झालंय.

जीन थेरपी, म्हणजे चांगला जीन बाहेरून शरीरात घालणं, तपासायला मात्र आमचा रॅट उत्तम. डिस्ट्रोफिनचा मजकूर ११ हजार अक्षरांचा आणि तो वाहून नेणाऱ्या एएव्ही विषाणूत जेमतेम पाच हजार अक्षरं मावतात. म्हणून मधला बराच भाग गाळून मायक्रोडिस्ट्रोफिन करतात. ते कुठल्याही एक्झॉनच्या बिघाडाला चालतं, आणि वर्षभर हृदयात टिकतं का हे बघायला हृदय खरंच आजारी असलेला प्राणीच हवा. खर्चाची तयारी ठेवा : विषाणूची मात्रा वजनावर ठरते आणि रॅट माउसच्या पंधरापट तरी भरतो. ज्यांच्याकडे एवढा पैसा नाही त्यांनी नवीन कल्पना आधी माउसमध्येच बघावी, त्यात कमीपणा नाही. फक्त तिथे जमलं म्हणजे झालं, असं कोणाला सांगू नये.

आईवडिलांनो, बातमी वाचाल तेव्हा एवढं शोधा : माउस होता की रॅट की कुत्रा, इलाज किती वयाला सुरू केला, आणि हृदय तपासलं का. अगदी लहान माउसमध्ये पहिल्या पडझडीआधी दिलेलं औषध आणि आठ वर्षांच्या मुलाला द्यायचं औषध यांची तुलना होत नाही.

ज्यांना रॅट घ्यायचाच आहे त्यांना शेवटची सूचना, कारण ही कुठल्याच माहितीपत्रकात नव्हती आणि आम्ही उशिरा शिकलो. पिंजऱ्यातलं खाणं वरच्या जाळीत असतं, ते कुरतडायला मागच्या पायांवर उभं राहावं लागतं. सहा महिन्यांनंतर आजारी रॅटना ते जड जातं. वजन उतरायला लागलं की आपण आजार वाढला असं लिहितो, आणि तो बिचारा उपाशी असतो. आमचे दोन रॅट असे हडकले तेव्हा रात्रीच्या सफाईवाल्या ताईंनीच दाखवून दिलं की जाळीतल्या वड्या आहेत तशाच आहेत. तेव्हापासून पाचव्या महिन्यापासूनच खाण्याचं ओलं जेल बशीत घालून खाली ठेवतो, पाण्याच्या बाटलीला लांब नळी लावतो. भावांच्या पिंजऱ्यातही तेच, म्हणजे तुलना बिघडत नाही.